खालच्या डोहाचा राखणदार

आमच्या नगर जिल्ह्यात दाट जंगल आहे, हे नगर जिल्ह्यातल्या माणसालाच पटत नाही. राहुरीच्या शाळेत मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोले तालुक्यातल्या डोंगरात पक्षी बघायला जातो म्हटलं, की स्टाफरूममधले सहकारी चहाचा कप तोंडाशी धरून एकमेकांकडे बघायचे. त्यांच्या लेखी जिल्हा म्हणजे ऊस, शिर्डीची गर्दी आणि उरलेला सगळा दुष्काळ. भंडारदऱ्याच्या पलीकडे ओढ्याकाठी भर वैशाखात अंगावर शहारा यावा इतका गारवा असतो, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. एकाने मात्र विचारलं होतं, "तिथे जेवणाची सोय काय?" एवढ्या वर्षांत माझ्या छंदाबद्दल त्या खोलीत मला विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न.

मला माणसांचा तिटकारा आहे असं माझी बायको म्हणते. ते खरं नाही. मला फक्त पक्षी बघायला येणाऱ्या माणसांचा तिटकारा आहे. बाकीच्यांशी माझं जमत नाही, इतकंच.

मी ज्याच्यासाठी तिथे जातो तो पक्षी चिमणीपेक्षाही लहान आहे. पुस्तकात त्याला निळा माशीमार म्हणतात. नाव ऐकून डास मारायच्या औषधाची बाटली डोळ्यांपुढे येते, आणि नावं ठेवणाऱ्यांना याहून बरं काही सुचलं नाही याचा मला दरवर्षी नव्याने राग येतो. नराची पाठ गडद निळी. कपाळावर आणि भुवईशी तोच निळा रंग उजळतो. गळा आणि छाती पिकल्या पपईसारखी, पोट पांढरं. मादीचे रंग हेच, पण दोनदा धुऊन काढल्यासारखे. दाट सावलीत, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीच्या फांदीवर ताठ बसायचं, शेपटी झटकायची, माशी दिसली की हवेतच गाठायची आणि पुन्हा तीच फांदी धरायची, हा त्याचा दिवस. तो उन्हात येत नाही, झाडाच्या शेंड्यावर बसून मिरवत नाही. ओढा, सावली आणि कुजलेल्या पानांची ओल मिळाली की त्याचं भागतं.

त्याचं गाणं म्हणजे बारीक, धातूच्या आवाजाचे सात-आठ सूर, एक वर, एक खाली. संपले की जरा थांबून पुन्हा तेच. राहुरीतली आमची पक्षी बघणारी मंडळी ते रेकॉर्डिंग लावून डोळे मिटतात आणि म्हणतात, "काय गातो हो!" मला हसू येतं. तो गात नाही. ही जागा माझी आहे, तुम्ही चालते व्हा, असं तो दिवसभर बजावत असतो. म्हणूनच तो मला आवडतो.

पाच उन्हाळे मी एकच हट्ट धरून जात होतो. मला त्याची पिल्लं बघायची होती. फळ्यावर मी अंड्याचा उभा छेद किती वेळा काढला असेल देव जाणे, पण ह्या पक्ष्याचं पिल्लू मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. ओढ्याच्या दरडीतल्या एखाद्या भोकात शेवाळ आणि बारीक मुळ्या घालून तो वाटीएवढं घरटं करतो. घरटं सापडायचं तेव्हा माझी सुट्टी संपलेली असायची, आणि सुट्टी शिल्लक असायची तेव्हा घरटं सापाने किंवा मुंगसाने उचकटलेलं असायचं. निवृत्त झालो त्या वर्षी मात्र महिनाभर तिथेच मुक्काम ठोकायचा असं ठरवलं. बायकोने डबाभर लाडू दिले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

उतरलो ते नेहमीच्याच घरी. हे मुळात शेतकऱ्याचं घर. आता मुलाने भाताच्या खाचराच्या कडेला चार खोल्या बांधल्यात आणि फाट्यावर इंग्रजी पाटी लावली आहे. पाटीवर वाघाचं चित्र आहे. त्या डोंगरात त्याने स्वतः कधी वाघ पाहिलेला नाही, त्याच्या बापानेही नाही. मी हे त्याला दरवर्षी सुनावतो आणि तो दरवर्षी हसून म्हणतो, "सर, पाव्हण्यांना आवडतं." त्याची आई माझ्याच वयाची. मी तिला मावशी म्हणतो, ती मला गुरुजी म्हणते. स्वयंपाक तीच करते आणि सकाळ-संध्याकाळ गाई पाण्यावर नेते.

घरामागे ओढा आहे. वैशाखात त्याची धार तुटते आणि पाणी दोनच ठिकाणी उरतं. घराजवळचा खालचा डोह, आणि बरंच वर, वळणापलीकडे एक झिरा, म्हणजे खडकातून पाझरून साचलेलं जेमतेम गुडघाभर पाणी. पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मला खालच्या डोहापाशी नर दिसला. जांभळीच्या एका आडव्या फांदीवर बसून तो मला हाकलत होता. समोरच्या दरडीत एक भोक होतं, आणि त्या भोकापाशी मादी. तिच्या चोचीत शेवाळाचा धागा होता. मी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: घरटे बांधणी सुरू.

माझा एक नियम आहे. घरट्याच्या वीस पावलं अलीकडे थांबायचं आणि आत कधीही डोकवायचं नाही. घरट्यात डोकावणारा माणूस आणि पाहुणा म्हणून आल्यावर यजमानांच्या कपाटाची दारं उघडून बघणारा माणूस, यांत मला काडीचा फरक दिसत नाही. पिल्लं मोठी झाली की आपणहून भोकाच्या तोंडाशी येऊन बसतात, तेव्हा दुर्बिणीतून बघावीत. तोवर थांबायची ज्याची तयारी नाही त्याने घरी टीव्ही बघावा. हे मी आमच्या गटात इतक्या वेळा ऐकवलंय की मी बोलायला उभा राहिलो की काही जण पाणी प्यायला उठतात.

तर मी रोज वीस पावलांवर एका दगडावर बसू लागलो. सकाळी तीन तास, दुपारी दोन. नर येऊन त्याच फांदीवर बसे, सूर लावी, निघून जाई. मादी फारशी दिसेना. ती अंड्यांवर बसली असणार, असं मी वहीत लिहिलं. पुढे काही दिवसांनी लिहिलं: पिल्ले बाहेर आली असावीत.

एकदा मावशी गाई घेऊन वरून उतरत होत्या. मला दगडावर बघून थांबल्या.

"गुरुजी, काय बगताय एवडं?"

"घरटं आहे तिथं. निळ्या पाखराचं."

मावशींनी भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वरल्या झिऱ्यापाशी बी हाय की असलंच निळं. लई येरझारा घालतंय."

"ते दुसरं असेल, मावशी," मी म्हणालो. "निळे पक्षी पुष्कळ असतात. ओळखायला अभ्यास लागतो."

"आसंल बाई," त्या म्हणाल्या आणि गाईच्या पाठीवर थाप मारून निघून गेल्या. जाता जाता त्यांना हसू आलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. ते तेव्हाही दिसलं होतं, पण गाई वळणाऱ्या बाईने मला पक्षी शिकवावेत ही वेळ आपल्यावर आलेली नाही, असं मी मनात म्हणालो.

महिना संपत आला आणि फोटोग्राफर आले.

लालभडक गाडीतून तिघे उतरले. तिघांच्याही अंगावर पानांची चित्रं छापलेले कपडे. पक्ष्यांना आपण झाडं वाटावं म्हणून हे कपडे घालायचे आणि मग एकमेकांना मोठ्याने हाका मारायच्या, अशी ह्या जमातीची पद्धत आहे. कॅमेऱ्याच्या नळ्या हातभर लांब. त्यातला पुढारी नाशिककडचा दातांचा डॉक्टर होता. घरच्या मुलाने माझी ओळख करून दिली. "हे आमचे सर. हितल्या पाखरांचं चालतं-बोलतं पुस्तक." डॉक्टर पुढे आला आणि चक्क माझ्या पाया पडला. मला आवडलं नाही असं म्हणवत नाही, पण मी तोंड वाकडंच ठेवलं.

"सर, ब्लू फ्लायकॅचर कुठे मिळेल?"

मिळेल म्हणे. जणू मी मंडईत गाळा मांडून बसलोय. मी म्हटलं, "काय करायचंय?"

"नेस्टवर हवाय, सर. फीडिंगचा एक शॉट मिळाला तर वर्ष सार्थकी लागेल."

त्याच्या गळ्यात एक छोटा स्पीकर लोंबत होता. हे लोक त्यावर नराचं गाणं वाजवतात. आपल्या जागेत दुसरा नर घुसला असं समजून बिचारा खरा नर पिसं फुलवून भांडायला धावतो, आणि हे त्याचे फोटो काढून घेतात. स्पीकरशी भांडता भांडता त्याची सकाळ जाते. पिल्लांना कोण भरवतंय याचा विचार ह्यांनी करायचा नसतो. ते फोटोला 'जंगलाचा गवई' असं नाव देतात.

पक्षी बघणाऱ्यांत एक जुनी रीत आहे. घरट्याची जागा सांगायची नाही, आणि विचारणारा फारच पिच्छा पुरवू लागला तर त्याला तिसरीकडेच पाठवायचं. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. मी चेहरा गंभीर केला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं.

"वळण ओलांडून वर जा. एक झिरा आहे. त्याच्या आजूबाजूला दरडीत बघा. घाई करू नका, चांगले तीन-चार तास बसा."

"थँक यू, सर!" तिघेही एका सुरात म्हणाले.

ते बूट आपटत वर गेले आणि मी डोहाकडे निघालो. त्या सकाळी मी स्वतःवर फार खूश होतो. माझ्या ह्या एका वाक्याने तीन गाढवं दिवसभर दगडांचे फोटो काढत बसणार होती आणि इथे माझी पिल्लं सुखरूप राहणार होती. मी लाडू काढून खाल्ला.

फांदी मात्र रिकामी होती. नर नऊला आला नाही, दहालाही नाही. वरच्या बाजूने गाण्याचा आवाज येत होता, पण तो स्पीकरचा हे मी ओळखलं. प्रत्येक वेळी सूर तेच, थांबणंही तेवढंच. मग त्या आवाजावर दुसरा आवाज चढला. तुटक, चिडलेला, जास्त घाईचा. हा खरा होता. माझा नर तिकडे भांडायला गेलाय हे लक्षात आलं तरी मला त्याचा अर्थ कळला नाही. मूर्ख आहे, भलत्याच जागेसाठी भांडतोय, असं मी त्यालाच नावं ठेवत बसलो.

दुपारी जेवायला गेलो तर तिघे आधीच ताटांवर बसलेले. मी पहिला घास घेतो तोच डॉक्टर उठून धावत आला.

"सर, तुमच्यामुळे! तुम्ही सांगितलं अगदी तिथेच!"

त्याने कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्यापुढे धरला. दरडीतलं भोक, कडेला टेकलेला नर, चोचीत हिरवी अळी. चित्रात लख्ख ऊन होतं. मी ऊन बघितलं आणि माझा घास तोंडातच राहिला. हा पक्षी उन्हात घरटं करत नाही.

"समोर वेल लोंबत होती सर, आणि मुळ्यांचं जाळं. फोकस मिळेना. मग जरा साफ केलं," तो म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडावर निर्मळ आनंद होता. दाताचा किडलेला भाग काढून टाकल्यावर ह्याच चेहऱ्याने तो पेशंटला आरसा दाखवत असेल.

  जागा मीच दाखवली होती. ताट तसंच ठेवून मी उठलो आणि ओढ्याने वर निघालो. त्या वयात जितकं पळता येतं तितका पळालो.

झिऱ्यापाशी मावशी होत्या. गाई पाणी पीत होत्या आणि मावशी कापलेली वेल हातात धरून उभ्या होत्या. दरडीवर ऊन पडलं होतं आणि काळ्या मातीत ते भोक दाराची फळी काढून नेल्यासारखं उघडं दिसत होतं. मादी समोरच्या कारवीवर बसून टिकटिक असा बारीक आवाज काढत होती. तिच्या चोचीत किडा होता.

"मी सांगितलं हुतं न्हाई का?" मावशी म्हणाल्या. "खालचं घर गेल्या सालचं. त्यातलं शेवाळ काढून ती हितं आणत हुती. मी पाणी पाजताना रोज बगायची."

शेवाळाचा तो धागा. मी मादीला चोचीत धागा घेऊन पाहिलं होतं आणि ती भोकात शिरतेय असं धरून बांधणी सुरू असं लिहून मोकळा झालो होतो. ती बाहेर पडत होती. आत एकदा डोकावलो असतो तर एका क्षणात कळलं असतं. मग एक महिनाभर मी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, वीस पावलांवर बसून एका रिकाम्या भोकाची राखण केली नसती. नर तिथे येऊन गात होता कारण डोहही त्याच्याच हद्दीत होता. फांदी त्याची होती, घर वर होतं.

मी करवंदीच्या दोन फांद्या तोडल्या, हात ओरबाडून घेतले आणि भोकासमोर सावली होईल अशा रोवल्या. मागे येऊन वीस पावलं मोजली आणि बसलो. मादी उडाली, फांद्यांजवळ आली, फिरली आणि परत कारवीवर जाऊन टिकटिकू लागली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर ती चोचीतला किडा स्वतःच गिळून बसली.

"काडा ते, गुरुजी," मावशी हळूच म्हणाल्या. "त्यांनी तोडलं, तुमी रोवताय. तिला दोनी सारकंच."

मी आत न बघता फांद्या काढल्या आणि परत मागे येऊन बसलो. थोड्या वेळाने मादी किडा घेऊन आत गेली. आतून बारीक चिवचिव ऐकू आली. पिल्लं जिवंत होती. जवळ जाऊन वाकलो असतो तर दिसली असती. पण मी नियम पाळला. त्या वेळेस मला त्या नियमाचा अभिमानही वाटला, हे आता लिहिताना लाज वाटते.

दिवस कलेपर्यंत आम्ही दोघं तिथे बसलो. मावशींनी गाई एकट्याच घराकडे लावून दिल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वर गेलो तर मावशी माझ्याआधी पोहोचल्या होत्या. त्यांनी मान हलवली. समोरच्या हिरड्यावर एक टक्काचोर बसला होता. लांब शेपटीचा, तपकिरी, कावळ्याच्याच जातीतला. दुसऱ्यांची घरटी लुटण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. तो चोच फांदीवर घासून पुसत होता.

"दोनदा आला," मावशी म्हणाल्या. "मी धोंडे मारले. तिसऱ्यांदा आला तवा धोंडा लागलाच न्हाई त्याला."

तेव्हा मी नियम मोडला. दरडीपर्यंत गेलो, गुडघे टेकले आणि आत पाहिलं. शेवाळाची वाटी होती. कुठे काही विस्कटलेलं नव्हतं. आत काहीच नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी राहुरीला परतलो. फोटोग्राफरांना शिव्या द्यायला माझ्याकडे एक लांबलचक लेख तयार होता. आमच्या गटापुढे तो वाचायला मी उभाही राहिलो, तर त्याआधीच कोणाच्या तरी मोबाईलवर तो फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, सरांच्या मार्गदर्शनामुळे हे शक्य झालं. कधी नव्हे ते कोणी पाणी प्यायला उठलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लेख खिशात घातला आणि हात जोडले. सत्य सांगायला दोन वाक्यं लागली असती. ती सांगायची हिंमत मला झाली नाही, आणि ज्यांना मी आयुष्यभर नाक मुरडत आलो त्यांच्यातल्या एकाही माणसाने याहून हलकट काही केल्याचं मला आठवत नाही.

ह्या वैशाखात मी पुन्हा त्या घरी गेलो. जेवणाच्या खोलीत आता तो फोटो मोठा करून, काचेच्या चौकटीत लावलाय. डॉक्टरने भेट दिलाय आणि खाली माझे आभार मानलेत, माझ्या नावासकट. घरच्या मुलाने कौतुकाने मला बरोबर त्याच्यासमोर बसवलं. मावशींनी भाकरी वाढली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

फोटो चांगला आहे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मला त्या दिवशी फक्त ऊन आणि नर दिसला होता. मोठ्या फोटोत नराच्या पलीकडे, भोकाच्या आत ऊन पोहोचलंय आणि तिथे तीन चोची उघडलेल्या आहेत. आतून पिवळ्या, काठाला जरा फिक्या. एका पिल्लाचे डोळे उघडलेले आहेत. वेल होती तोवर तिथे एवढं ऊन कधीच पोहोचलं नसतं.

मला पिल्लं बघायची होती. मी भाकरी खात ती बघितली.